३६ तारा आणि ५ मिलिमीटर

मागच्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या सिमरोलच्या रस्त्यावर, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात सायकलचं मागचं चाक धाडकन आपटलं. रिमला, म्हणजे टायर बसतो त्या कड्याला, असा पोचा आला की आऊट (वाकडेपणा) काढून भागण्यासारखं नव्हतं. हब, म्हणजे चाकाच्या मधला फिरणारा भाग, मात्र ठणठणीत होता. वाटी, कोन, छर्रे सगळं महिन्याभरापूर्वीच बदललेलं. म्हटलं, नुसती रिम नवी आणू, तारा (स्पोक) नव्या टाकू आणि चाक या वेळी आपणच बांधू. (इंदूरचे मेकॅनिक तारेला ‘तीली’ आणि रिमला ‘रिंग’ म्हणतात. आमच्या घरात तार आणि रिम. इथेही तेच चालवतो.)

जुन्या तारा पट्टीला लावून मोजल्या. डावीकडच्या २९१ मिलिमीटर, उजवीकडच्या २९०. जुनी रिम ७००सी मापाची, नवीही ७००सी. टायर तोच बसणार. मग तारही तीच लागणार, यात विचार कसला करायचा? ३६ तारा मागवल्या आणि एका रविवारी पोहे-जिलबी आटोपून रामबागेतल्या घराच्या गच्चीत पसारा मांडून बसलो. दुपारपर्यंत चाक दिसायला चाकासारखं झालं. पण निपल (तारेच्या टोकावर चढणारं, रिममध्ये अडकणारं छोटं नट) फिरवत गेलो तर आटे संपले तरी तारा ढिल्याच. हाताने दाबल्या तर वीणेऐवजी सुतळी दाबल्यासारखं वाटे. रिमच्या आतून पाहिलं तर प्रत्येक निपलच्या डोक्यातून तारेचं टोक चांगलं वर आलेलं.

ते चाक तसंच खांद्याला लावून ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने एकदा बोटाने तार दाबली, रिम उलटी करून पाहिली आणि विचारलं, “भिया, रिंग नापी थी, या बस टायर देखा था?”

टायर पाहिला होता. तिथेच सगळं चुकलं होतं.

तारेची लांबी काढणं म्हणजे फार मोठं गणित आहे असा सायकलवाल्यांमध्ये एक दरारा आहे. मोबाईलवर तयार गणकयंत्रंही मिळतात. आकडे भरले की उत्तर येतं. पण चुकीचा आकडा भरला तर तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर येतं. म्हणून आत काय चाललंय ते एकदा समजून घेतलेलं बरं. गणित अकरावीचं आहे. अवघड काम पट्टी धरण्याचं आहे.

आधी तारेची लांबी म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? तारेचं एक टोक काटकोनात वाकवलेलं असतं आणि त्याला टाचणीसारखं चपटं डोकं असतं. ते डोकं हबच्या भोकात अडकतं. दुसऱ्या टोकाला साधारण १० मिलिमीटर आटे असतात, त्यावर निपल बसतं. लांबी मोजायची ती बाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत. डोकं धरायचं नाही. आमच्या मेकॅनिकने यासाठी भिंतीवर एक लाकडी पट्टी ठोकली आहे. वर एक खिळा, खाली मिलिमीटरच्या खुणा. तार बाकाने खिळ्याला टांगायची आणि खाली टोक कुठे येतं ते वाचायचं. दोन सेकंदांचं काम, आणि चूक होऊच शकत नाही.

टोक कुठे यायला हवं? निपलच्या डोक्यावर पेचकस लावायची खाच असते. चाक पूर्ण ताणल्यावर तारेचं टोक त्या खाचेच्या तळाशी आलं पाहिजे. तिथून निपलच्या माथ्यापर्यंत कुठेही चालेल. तार त्याहून आखूड पडली तर निपलचं डोकं पोकळ राहतं आणि ताण सगळा मानेवर येतो. मग कधीतरी भर रस्त्यात डोकंच तुटून येतं. ॲल्युमिनियमच्या निपलांचं तर हमखास. तार लांब झाली तर माझ्यासारखं होतं, आटे संपतात आणि ताण येत नाही. एकेरी भिंतीच्या रिममध्ये वर आलेलं टोक ट्यूबलाही भोसकतं. म्हणजे हातात मोकळीक आहे ती एक-दोन मिलिमीटरची. ३०० मिलिमीटरच्या तारेत एक-दोन मिलिमीटर.

आता चाक कल्पनेतच जमिनीवर आडवं ठेवा आणि वरून पाहा. मधे हब, भोवती रिम. हबच्या दोन्ही टोकांना भोकं पाडलेली गोल चकती असते, तिला फ्लँज म्हणतात. ३६ तारांचं चाक असेल तर प्रत्येक चकतीला १८ भोकं. ३६० अंशांना १८ ने भागलं की दोन भोकांमध्ये २० अंश.

तारा हबमधून सरळ सूर्यकिरणांसारख्या निघाल्या तर हिशोब सोपा होता. रिमच्या त्रिज्येतून चकतीची त्रिज्या वजा केली की झालं. पण मागच्या चाकात तसं चालत नाही. तुम्ही पायडल मारता तेव्हा चेन हबला फिरवते, आणि हबने रिमला ओढून न्यायचं असतं. किरणांसारख्या तारा हबभोवती नुसत्या पिळल्या जातात. ओढायला त्यांना कोनच मिळत नाही. तार हबच्या कडेला चाटून, तिरकी निघाली तर मात्र ती दोरीसारखी ओढते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये अशा तिरक्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, आणि आजही जगातली बहुतेक चाकं त्याच पद्धतीने बांधली जातात. निम्म्या तारा पुढे झुकतात, निम्म्या मागे, म्हणून त्या एकमेकींना छेदतात. एक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना छेदत असेल तर ते ‘थ्री क्रॉस’.

किती छेद आहेत त्यावरून तार किती तिरकी हे ठरतं, आणि तेही अगदी नेमकं. एका छेदामागे एक भोक. थ्री क्रॉस म्हणजे तारेचं हबमधलं भोक आणि रिममधलं भोक यांच्यात केंद्रापाशी तीन भोकांचा कोन, म्हणजे तीन गुणिले २०, बरोबर ६० अंश. ३२ तारांच्या चाकात प्रत्येक चकतीला १६ भोकं, एकेक घर साडेबावीस अंशांचं, म्हणून थ्री क्रॉसचा कोन साडेसदुसष्ट.

मग एक त्रिकोण तयार होतो. एक कोपरा हबच्या केंद्रावर, दुसरा चकतीच्या भोकावर, तिसरा रिमवर निपलपाशी. दोन बाजू माहीत आहेत, एक चकतीची त्रिज्या आणि एक रिमची. मधला कोन माहीत आहे. तिसरी बाजू म्हणजे आपली तार. कोसाइनचा नियम आठवत असेल तर उत्तम. नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की तो पायथागोरसच आहे, थोडी दुरुस्ती केलेला. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवायचे आणि त्यातून ‘दोन्ही बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोनाची कोसाइन’ वजा करायची. कोन ९० अंश असता तर कोसाइन शून्य, म्हणजे शुद्ध पायथागोरस. ६० अंशांची कोसाइन अर्धी. म्हणून ३६ तारांचं थ्री क्रॉस चाक गणिताला सगळ्यात गोड: दुप्पट आणि अर्धं एकमेकांना खाऊन टाकतात, वजा करायचा राहतो तो नुसता दोन त्रिज्यांचा गुणाकार.

एक गोष्ट राहिली. चाक काही चपटं नसतं. चकत्या रिमच्या रेषेत नसून डाव्या-उजव्या बाजूला असतात, आणि तार मांडवाच्या दोरासारखी वरून खाली उतरते. तेवढी उंची, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून चकती किती दूर, तिचाही वर्ग मिळवायचा. वर्गमूळ काढलं की तार आली. शेवटी हबच्या भोकाच्या व्यासाचा निम्मा भाग वजा करायचा. कारण हिशोब भोकाच्या केंद्रापासून केला आहे आणि तारेचा बाक ताणल्यावर भोकाच्या बाहेरच्या कडेला टेकतो. भोक २.६ मिलिमीटरचं असेल तर १.३ वजा.

माझ्या चाकाचे आकडे घालतो. चकतीवर समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, म्हणून त्रिज्या २२.५. हबची एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंतची रुंदी १३५, निम्मी ६७.५. डाव्या नटापासून डावी चकती ३२.५ आत आहे, म्हणजे मध्यापासून ३५. उजवीकडे फ्रीव्हीलला (चेन बसते त्या दातेरी चक्राला) जागा द्यावी लागते, तिथली चकती नटापासून ४७.५ आत, म्हणजे मध्यापासून फक्त २०. आणि नव्या रिमचा खरा व्यास ५९२, त्रिज्या २९६. (‘खरा व्यास’ म्हणजे काय ते लगेच सांगतो, सगळी मेख तिथेच आहे.)

२९६ चा वर्ग ८७,६१६. २२.५ चा वर्ग ५०६.२५. ३५ चा वर्ग १,२२५. बेरीज ८९,३४७.२५. त्यातून २९६ गुणिले २२.५, म्हणजे ६,६६० गेले, राहिले ८२,६८७.२५. वर्गमूळ २८७.५५. वजा १.३. डावी तार २८६.२५. उजवीकडे ३५ च्या जागी २० घाला, २८४.८ येतात.

आणि मी टाकल्या होत्या २९१ आणि २९०. सरळ पाच मिलिमीटर जास्त.

का? कारण ७००सी हा आकडा टायर कुठे बसतो ते सांगतो. टायर बसायची कड ६२२ मिलिमीटर व्यासाची, जुन्या रिममध्येही आणि नव्या रिममध्येही. पण निपल तिथे बसत नाही. निपल बसतं त्याच्या आत, रिमच्या केंद्राकडच्या भिंतीत. माझी जुनी रिम उथळ होती; समोरासमोरच्या दोन निपलांमध्ये तारांची टोकं जिथे यायला हवीत त्या जागांमधलं अंतर ६०२ होतं. नवी रिम दुहेरी भिंतीची, खोल पोटाची. तिथे तेच अंतर ५९२. या अंतराला कारखाने ईआरडी म्हणतात; मी त्याला खरा व्यास म्हणतो, कारण तारेच्या दृष्टीने रिम तेवढीच आहे. टायरशी तारेला काही देणंघेणं नाही.

दुकानात ‘२८ ची तीली द्या’ म्हणून तारा घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तिचाही घोळ इथेच आहे. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलचं २८ बाय दीड इंचाचं चाक ६३५ मिलिमीटरचं. ७००सीलाही पुष्कळ जण २८ च म्हणतात, आणि ते ६२२. २६ इंची म्हणाल तर माउंटन बाइकचं ५५९, आणि २६ बाय १ ३/८ चं साध्या सायकलचं ५९०. काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, म्हणजे कोनही निराळे. तिथे सगळ्या सायकली एका साच्यातून निघालेल्या, त्यामुळे इंचावर भागून जायचं. जुन्या मेकॅनिकांची चूक नव्हे ती. वेगवेगळ्या रिम आणि वेगवेगळे हब आले तेव्हापासून ते चालेनासं झालं.

बाकीच्या मापांचं मात्र एक गमतीदार आहे, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर व्हर्नियर घेऊन हबभोवती दोन तास घातले नसते. ही मापं थोडी चुकली तरी गणित चूक पोटात घालतं. डावी चकती मध्यापासून ३५ ऐवजी ३३ मोजली, तरी तार फक्त पाव मिलिमीटरने बदलते. दोन्ही चकत्या सारख्याच अंतरावर आहेत असं धरून सरसकट २७.५ घातलं, तर दोन्हीकडे २८५.४ येतात, चूक पाऊण मिलिमीटरच्या आसपास. चकतीचा व्यास दोन मिलिमीटरने चुकला तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण रिमचा व्यास दोन मिलिमीटरने चुकला तर तार पुरी एक मिलिमीटर चुकते. मांडवाच्या दोराचंच पाहा: दोर लांब असेल तर खांब वीतभर उंच किंवा ठेंगणा झाला तरी दोराला फारसा फरक पडत नाही, खुंटी लांब ठोकली तर मात्र तेवढाच जास्त दोर सोडावा लागतो.

छेद मोजण्यात चूक केली तर माफी नाही. याच हबला, याच रिमला, डावीकडे टू क्रॉस बांधलं तर तार २८०, थ्री क्रॉसला २८६, फोर क्रॉसला जवळजवळ २९४. सरळ किरणांसारखी बांधली तर २७४. तारांची संख्या ३६ ऐवजी ३२ असती तर थ्री क्रॉसलाच २८९. जुनं चाक उघडण्याआधी एका तारेवर बोट ठेवून हबपासून रिमपर्यंत छेद मोजा. हबच्या अगदी कडेला, चकतीलगत होणारा पहिला छेद हमखास नजरेतून सुटतो. तोही मोजायचा.

तर रिम मोजायची कशी. रिमबरोबर बऱ्याचदा ईआरडी छापलेला येतो, पण कुठल्या निपलसाठी आणि टोक कुठे धरून, ते छापलेलं नसतं. मेकॅनिकने जे दाखवलं ते असं. माझ्या त्या लांब पडलेल्या तारांपैकी दोन त्याने घेतल्या, बाकाकडचं टोक कापलं आणि कानशीने घासून आट्यांच्या टोकापासून बरोबर २५० मिलिमीटर ठेवलं. दोन्हींवर जी निपलं वापरायची तीच चढवली, तारेचं टोक खाचेच्या तळाला येईपर्यंत, आणि निपल हलू नये म्हणून गोंदाचा एकेक थेंब. मग रिमच्या समोरासमोरच्या भोकांत आतून घातल्या. ३६ भोकांत पहिल्याच्या समोर एकोणिसावं येतं. डोळ्याच्या अंदाजाने एक भोक इकडेतिकडे होतं, म्हणून मोजूनच. दोन्ही तारा केंद्राकडे ओढल्या आणि मधे राहिलेली फट मोजली. ९२. पाचशे अधिक ९२, ५९२.

एकदा मोजून तो थांबला नाही. रिम थोडी फिरवून पुन्हा, पुन्हा फिरवून पुन्हा. ९१.५, ९२, ९२.५, ९२. नवी रिमही अगदी गोल नसते. एक वेल्डिंगचा किंवा पिनचा सांधा असतोच. सरासरी घ्यायची. मी चार तास घालून जे चुकवलं होतं ते त्याने चहा गार व्हायच्या आत मोजून दिलं.

आता २८६.२५ आणि २८४.८ असे आकडे हातात आले, पण तारा काही दशांशात मिळत नाहीत. बऱ्याचदा दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. अशा वेळी मी खालचा आकडा धरतो: २८६ आणि २८४. कारण ताण आल्यावर तार स्वतःच लांबते. मागच्या चाकात उजवीकडच्या एकेका तारेवर साधारण १०० किलोच्या वजनाइतका ताण असतो. दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार तेवढ्या ताणाखाली जवळपास अर्धा मिलिमीटर लांबते, आणि ३६ तारांनी सगळीकडून आवळल्यामुळे रिमही किंचित आकसते. दोन्ही गोष्टी टोक वर ढकलतात. मात्र खाली धरायचं म्हणून तीन मिलिमीटर खाली धरू नका, मग निपलचं डोकं रिकामं राहिलंच.

उजवीकडची तार आखूड का असते, हे एवढ्यात ध्यानात आलंच असेल: मांडवाचा तो खांब तिथे ठेंगणा आहे. पण तिच्यावर ताण मात्र जास्त हवा, नाहीतर डावीकडच्या तारा रिमला आपल्याकडे ओढून नेतील. ३५ आणि २० हे अंतराचं प्रमाण उलटं करा: उजवीकडे १०० किलो असेल तर डावीकडे ५७. म्हणून मागच्या चाकात डावीकडच्या तारा ढिल्या वाटतात आणि नवखा माणूस त्या आवळत सुटतो. मी पूर्वी एका चाकाच्या तारा आवळताना तेच केलं होतं. रिम दोन दिवसांत ब्रेकला घासायला लागली.

नव्या तारा आल्या. १८ डाव्या, १८ उजव्या, वेगवेगळ्या रबरबँडमध्ये, चिठ्ठी लावून, कारण दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. पुन्हा एक रविवार, पुन्हा तीच गच्ची. निपल पान्हा अर्धा-अर्धा फेरा फिरवत संध्याकाळी चाक सरळ आलं. तारा छेडल्या तर उजव्या बाजूने एकसारखा वरचा सूर, डावीकडून एकसारखा खालचा. रिमच्या आत टॉर्च मारून पाहिलं. प्रत्येक टोक खाचेत, कुठे तळाला, कुठे अर्ध्या मिलिमीटरने वर. मग रिमटेप, ट्यूब, टायर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महूपर्यंत जाऊन आलो.

त्या ३६ लांब तारांपैकी दोन कापल्या गेल्या, त्या मेकॅनिककडेच त्याच्या लाकडी पट्टीशेजारी टांगलेल्या आहेत. उरलेल्या ३४ माझ्याकडे जिन्याखाली आहेत. ६०२ खऱ्या व्यासाची रिम आणि ४५ ची चकती असलेला हब कुणाकडे असेल, तर रामबागेत येऊन घेऊन जा. दोन कमी पडतील, तेवढ्या तुम्ही आणा.